तोक्यो येथील शिवाजी-उत्सव (इ. स. १९०७) : एका चिनी साधनाच्या आधारें

श्रीशिवछत्रपतींच्या उत्सवाचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक रायगडावरून निघतात, पुण्यास येतात, कलकत्त्यापर्यंत जातात आणि तेथें थांबतात. रायगडावरील उत्सव ता. १५ एप्रिल १८९६ चा. मराठी घराण्यांत जन्मून बंगालींत ग्रंथरचना करणारे सखाराम गणेश देउस्कर यांनीं तो १९०२ सालीं कलकत्त्यास नेला, आणि १९०६ च्या जून महिन्यांत टिळक, खापर्डे व मुंजे तेथें गेले तेव्हां त्यास फार मोठें स्वरूप आलें. एवढी हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु पुढच्याच वर्षीं हा उत्सव समुद्र ओलांडून गेला. ता. २० एप्रिल १९०७ रोजीं जपानच्या राजधानींत राहणाऱ्या हिंदी लोकांनीं शिवाजीमहाराजांचा स्मरणोत्सव केला. त्यास त्यांनीं यजमान देशांतील एका वजनदार मुत्सद्द्यास बोलाविलें, तसेंच त्यांच्याप्रमाणेंच परक्या भूमींत दिवस काढणारे चिनी मित्रही बोलाविले. त्या दिवशीं जें घडलें त्याचें वर्णन या मित्रांपैकीं एका पंडितानें पंधरा दिवसांच्या आंत छापून काढलें. तें चिनी भाषेंत असल्यामुळें आपल्याकडील चर्चेंत त्याचा उल्लेख क्वचितच येतो. म्हणून त्याचा परिचय येथें थोडा विस्तारानें करून देत आहों.

हें साधन ‘मिन् पाओ’ म्हणजे ‘जनतेचें पत्र’ या नियतकालिकाच्या १३ व्या अंकांत, ता. ५ मे १९०७ रोजीं, प्रसिद्ध झालें. लेखाच्या मथळ्याचा सरळ अर्थ ‘हिंदुस्थानच्या शिवाजीराजाच्या स्मरणसभेची हकीकत’ असा आहे. ‘मिन् पाओ’ हें सन्-यत्-सेन प्रभृति चिनी क्रांतिकारकांच्या संघाचें मुखपत्र. तें १९०५ च्या नोव्हेंबरांत तोक्यो येथें निघालें. लेखक चांग पिंग-लिन्, वाङ्मयीन नांव ताइ-येन्. जन्म इ. स. १८६९. हे गृहस्थ व्याकरण, निरुक्त व प्राचीन ग्रंथांची चिकित्सा यांत मुरलेले जुन्या वळणाचे शास्त्री होते. राजकारणांत पडले ते ‘मांचू राजकुल परकें आहे, तें गेलें पाहिजे’ या एका निष्ठेनें. ‘सु पाओ’ या पत्रांतील लिखाणावरून १९०३ सालीं शांघाय येथें त्यांच्यावर खटला होऊन त्यांस तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यांचा तरुण सहकारी त्सौ जुंग हा तुरुंगांतच १९०५ सालीं वारला. शास्त्रीबुवांनीं बंदिवासांत असंग व वसुबंधु यांच्या विज्ञानवादाचे ग्रंथ चिनी भाषांतरांतून अभ्यासिले, आणि १९०६ च्या जूनअखेर सुटका होतांच तोक्योस येऊन पत्राचें संपादकत्व हातीं घेतलें. तेव्हां शिवाजी-उत्सवास आलेला हा पाहुणा हिंदुस्थानास अपरिचित नव्हता. त्याची हिंदुस्थानशीं ओळख योगाचारभूमीच्या वाटेनें झालेली होती, आणि या वाटेनें आलेल्या माणसास आमचा देश परदास्यांत पाहून काय वाटलें असेल याची कल्पना संस्कृतज्ञ वाचकांस सहज येईल.

आतां यजमान मंडळींकडे वळूं. १९०५ च्या मे महिन्यांत त्सुशिमाच्या समुद्रांत रशियाचें आरमार बुडालें तेव्हांपासून जपान हें हिंदी तरुणांचें तीर्थक्षेत्र बनलें होतें. त्याच्या आदल्या वर्षीं कलकत्त्यास योगेंद्रचंद्र घोष यांच्या खटपटीनें विद्यार्थ्यांस शास्त्रीय व औद्योगिक शिक्षणासाठीं परदेशीं पाठविणारी एक संस्था निघाली होती, आणि तिच्या मदतीनें जाणाऱ्यांत जपानकडे वळणारे पुष्कळ असत. कांच, आगपेट्या, साबण, पेन्सिली, रंग असले धंदे शिकावयाचे आणि परत येऊन कारखाना घालावयाचा, असा त्यांचा बेत असे. आपल्याकडे पैसाफंडाच्या पैशांतून तळेगांवास १९०८ सालीं कांचेचा कारखाना निघाला, त्याचे चालक ईश्वरदास वार्ष्णेय हेही जपानांत शिकून आलेले होते. उत्सव करणाऱ्या मंडळींत अशा विद्यार्थ्यांचा भरणा होता, आणि त्यांत बंगाली अधिक होते ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ नंतर दहा वर्षें बंगाल्यांत वारंवार शिरल्या. भास्करराम कोल्हटकर १७४४ सालीं तेथें दग्यानें मारला गेला, पण ‘बर्गी’ हा शब्द तिकडील आयांच्या तोंडीं मुलें झोंपवितांना राहिला तो कायमचा. ज्या प्रांतांत मराठ्यांचें नांव काढून पोरें भेवडावीत, त्याच प्रांतांतील पोरें दीडशें वर्षांनीं हजारों कोस दूर जाऊन मराठ्यांच्या राजाचा उत्सव करितात, हें देउस्करांच्या परिश्रमाचें फळ होय. रवींद्रनाथांनीं शिवाजी-उत्सवावर कविता लिहिली ती १९०४ सालीं देउस्करांच्याच पुस्तिकेसाठीं, हेंही येथें नमूद करणें योग्य आहे. आपल्या चरित्रकोशांत या गृहस्थांस जी दोन-चार ओळींची जागा मिळते ती फारच अपुरी आहे, असें प्रस्तुत लेखकाचें स्पष्ट मत आहे.

तिथीचा प्रश्न संशोधकांच्या आवडीचा म्हणून त्याचा विचार आधींच करून टाकूं. १९०७ सालीं जन्मतिथि म्हणून रूढ असलेली मिति चिटणीसी बखरींतील शके १५४९ वैशाख शुद्ध २ ही होय. शके १५५१ फाल्गुन वद्य ३ ही मिति देणारी जेधे शकावली लोकमान्यांनीं प्रसिद्ध केली ती १९१६ सालीं, म्हणजे उत्सवानंतर नऊ वर्षांनीं. राज्याभिषेकाची ज्येष्ठ शुद्ध १३ तर या दोहोंहून वेगळी. ता. २० एप्रिल १९०७ ही चिनी पंचांगाप्रमाणें तिसऱ्या महिन्याची आठवी तिथि. चिनी महिनाही अमावास्येनंतर सुरू होत असल्यामुळें ही आपल्याकडील शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या सुमाराची झाली. अर्थात् ती द्वितीया नव्हे, त्रयोदशी नव्हे, आणि वद्य पक्षांतील तर नव्हेच नव्हे. मग हाच दिवस कां? इंग्रजी जंत्री पाहतां त्या दिवशीं शनिवार येतो. परदेशांत सण बहुधा असेच होतात. पंचांग घरीं राहतें आणि शाळा-कारखान्यांच्या सुटीकडे पाहून दिवस नेमावा लागतो. रायगडचा उत्सव एप्रिलांत झाला होता, म्हणून महिना तेवढा सांभाळला असावा.

या मंडळींनीं उत्सवास मुख्य पाहुणे म्हणून काउंट ओकुमा शिगेनोबु यांस पाचारण केलें. निवड वरवर पाहतां उत्तम होती. ओकुमा १८९८ सालीं जपानचे मुख्य प्रधान झाले होते, ‘वासेदा’ विद्यापीठ त्यांनीं स्थापिलेलें, आणि १९०३ मध्यें हिंदुस्थान व जपान यांच्यांत सख्य वाढविण्याकरितां जी संस्था निघाली तिच्या पुरस्कर्त्यांत ते होते. परराष्ट्रीयांनीं जपानच्या गळ्यांत अडकविलेले विषम तह बदलून घेण्याच्या वाटाघाटींत १८८९ सालीं एका माथेफिरू देशभक्तानें त्यांच्यावर बाँब टाकला व त्यांत त्यांचा पाय गेला. परकीयांचें वर्चस्व म्हणजे काय हें या पुरुषास पुस्तकांतून शिकावयाचें नव्हतें. त्यांच्या मुखानें शिवाजीचें नांव निघावें, मग तोक्योच्या वर्तमानपत्रांत चार ओळी येतील आणि त्या कलकत्ता-पुण्यापर्यंत पोंचतील, अशी आशा विद्यार्थ्यांनीं केली असल्यास त्यांस कोण नांवें ठेवील?

चांग शास्त्र्यांनीं दिलेला ओकुमांच्या भाषणाचा सारांश असा : इंग्लंडच्या बादशहाचें हिंदुस्थानवरील राज्य अत्यंत दयाळूपणाचें आहे. हिंदी लोकांनीं दुसऱ्यास दोष देत बसूं नये, आपल्या समाजाची सुधारणा करावी आणि दंगाधोपा करण्याचें मनांतही आणूं नये. शिवाजीच्या उत्सवांत, शिवाजीच्या देशबांधवांपुढें, हा उपदेश! शास्त्रीबुवांचा संताप लेखांत लपत नाहीं. पूर्वेकडील एक नामांकित पुरुष इंग्रजांची एवढी स्तुति करितो हें पाहून त्यांस उद्वेग झाला. रशियावरील जयानंतर जपानची दृष्टि फिरली, बरोबरीचा सोबती होता तो आतां युरोपीयांच्या पंक्तीस बसूं पाहत आहे, हा जो विचार त्यांच्या पुढील लेखनांत वारंवार येतो त्यास या सभेनें बळ आलें असें आम्हांस वाटतें.

साधन एकाच साक्षीदाराचें आहे, तेव्हां त्यावर विश्वास कितपत ठेवावा हें पाहिलें पाहिजे. पहिली गोष्ट, तें समकालीन आहे. सभा आणि छपाई यांच्यांत फक्त पंधरा दिवसांचें अंतर आहे. वर्षानुवर्षांनीं लिहिलेल्या आठवणींत जो रंग चढतो त्यास येथें अवसर नव्हता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लेखक स्वतः जपानच्या आश्रयानें राहत होता आणि त्याचें पत्र जपानी सरकारच्या मर्जीवर चालत होतें. ओकुमांसारख्यांस दुखविण्यांत त्याचा तोटाच होता, आणि स्वतःचा तोटा करून घेऊन दिलेली साक्ष आपण बखरकारांच्या बाबतींतही भारी मानतों. तिसरी गोष्ट अशी कीं, सारांशांतील मजकूर त्या वेळच्या राजकारणाशीं तंतोतंत जुळतो. इंग्लंड व जपान यांचा तह ता. ३० जानेवारी १९०२ रोजीं झाला होता, ता. १२ ऑगस्ट १९०५ रोजीं तो नवा करतांना त्यांत हिंदुस्थानचा उल्लेख मुद्दाम घालण्यांत आला. त्याच्या चौथ्या कलमांत, हिंदुस्थानच्या सरहद्दीच्या सुरक्षिततेशीं इंग्लंडचा विशेष हितसंबंध असल्यामुळें आपल्या तेथील मुलुखाच्या रक्षणार्थ जरूर तीं साधनें योजण्याचा त्याचा हक्क जपानला मान्य आहे, असें स्पष्ट लिहिलें होतें. ज्या राष्ट्रानें हा कागद सही करून दिला, त्या राष्ट्राच्या माजी मुख्य प्रधानानें इंग्रजी वकिलातीच्या कानांवर जाईल अशा सभेंत दुसरें काय बोलावें?

ओकुमांस ढोंगी म्हणून निकालांत काढण्यास मात्र आमची तयारी नाहीं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत कोबे येथील व्यापाऱ्यांच्या सभेंत हेच ओकुमा बोलले, तें असें कीं युरोपीयांच्या जुलमानें गांजलेले हिंदुस्थानचे तीस कोटि लोक जपानच्या आश्रयाची वाट पाहत आहेत. या उद्गारांनीं इंग्रजी पत्रांत बरीच खळबळ उडाली. एप्रिलमधील ओकुमा आणि ऑक्टोबरांतील ओकुमा यांचा मेळ कसा घालावयाचा? कोबे हें कापसाचें बंदर. मुंबईहून जपानास कापूस नेणारी जहाजें १८९३ पासून टाटांच्या पुढाकारानें सुरू झालेलीं होतीं, आणि तेथील श्रोत्यांस हिंदुस्थान म्हणजे बाजारपेठ होती. व्यापाऱ्यांपुढें ‘आश्रय’ म्हणावें आणि विद्यार्थ्यांपुढें ‘धीर धरा’ म्हणावें, यांत मुत्सद्द्याला विसंगति दिसत नसते. विद्यार्थ्यांची चूक झाली असेल तर ती एवढीच कीं, जो घरधनी आहे तोच मित्रही असेल असें त्यांनीं धरून चाललें. खरे मित्र मागच्या बांकांवर बसलेले होते.

ते मित्र कां म्हणावयाचे, याचें उत्तर पांच वर्षें मागें गेल्याशिवाय मिळत नाहीं. १९०२ च्या एप्रिलांत याच तोक्यो शहरांत चांग शास्त्र्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं आपल्या राष्ट्राचा एक स्मरणदिन करण्याचें योजिलें होतें. त्याचें नांव ‘चीन देश नष्ट झाल्याचा दोनशें बेचाळिसावा स्मरणदिन’. दिवस ठरविला होता ता. २६ एप्रिलचा, म्हणजे चिनी तिसऱ्या महिन्याच्या १९ व्या तिथीचा. मिंग वंशाच्या चुंग-चेन् बादशहानें १६४४ सालीं पेकिंग पडतांना ज्या तिथीस गळफास लावून घेतला तीच ही तिथि. जागा उएनो बागेंतील उपाहारगृहाची ठरली, निमंत्रणें गेलीं आणि मंडळी जमूं लागली. इतक्यांत मांचू सरकारच्या वकिलाच्या तक्रारीवरून जपानी पोलिसांनीं सभेस मनाई केली. शेवटीं सन्-यत्-सेन यांच्यासह कांहीं मंडळींनीं योकोहामास जाऊन तेथील चिनी वस्तींत तो विधि आटोपला. परमुलुखांत आपल्या राष्ट्राचा दिवस पाळूं पाहणाऱ्यास काय सोसावें लागतें याचा अनुभव घेऊन हा माणूस हिंदी लोकांच्या सभेस आला होता. चिन्यांचा दिवस पोलिसांनीं बंद पाडला, हिंदी लोकांचा दिवस पाहुण्याच्या भाषणानें निस्तेज झाला, एवढाच काय तो फरक.

शिवाजीराजाच्या चरित्रांतही शास्त्रीबुवांस स्वतःच्या देशाची कथा दिसली, यांत नवल नाहीं. चिनी लेखक त्या काळीं मोगल बादशाहीस ‘मंगोल’ या नांवानेंच ओळखीत, आणि मंगोलांचें राज्य चीननें युआन वंशाच्या रूपानें इ. स. १३६८ पर्यंत स्वतः भोगलेलें होतें. मंगोल गेले ते मिंग आले. मिंग गेले ते मांचू आले. सह्याद्रींतील एका जहागीरदाराच्या मुलानें दिल्लीच्या ‘मंगोलां’शीं झुंजून राज्य उभारलें ही गोष्ट त्यांस दूरच्या देशांतील नवलकथा वाटली नाहीं. शहाजीराजांचा मुलगा मावळांत वाढत होता त्याच वर्षांत फूकिएनच्या किनाऱ्यावर चेंग चेंग-कुंग, युरोपीयांचा ‘कोशिंगा’, मांचूंशीं लढत होता. तो १६६२ सालीं वारला. त्याची आई जपानी, जन्म जपानांतील हिरादोचा. त्याच्या चरित्राशीं शिवचरित्राची तुलना कोणी केली तर तो निबंध वाचनीय होईल.

आतां एक भाषाशास्त्रीय टीप. चांग शास्त्र्यांनीं महाराजांचें नांव तीन चिनी अक्षरांत लिहिलें आहे, त्यांचा आजचा उच्चार ‘शी-पो-छी’ असा आहे. वर्तमानपत्रांतील इंग्रजी स्पेलिंगावरून कशींबशीं बसविलेलीं हीं अक्षरें नव्हेत. दुसरें अक्षर तें, ज्यानें बौद्ध ग्रंथांचे प्राचीन भाषांतरकार ‘शिव’ या देवनामांतील ‘व’ लिहीत. तिसरें अक्षर तें, ज्यानें ते बुद्धाचा वैद्य जीवक याच्या नांवांतील ‘जी’ लिहीत. किंबहुना जीवकाच्या चिनी नांवांतील दोन अक्षरें उलट्या क्रमानें वाचलीं म्हणजे ‘वाजी’ होतें, आणि त्यामागें ‘शि’ जोडली कीं छत्रपति उभे राहतात. ज्या लिप्यंतरपद्धतीनें कुमारजीव व ह्युएन-त्संग यांनीं सूत्रग्रंथ उतरविले, त्याच परंपरेंत बसवून एका चिनी वैयाकरणानें मराठ्यांच्या राजाचें नांव लिहिलें. महाराजांच्या नांवाचीं फारसी, पोर्तुगीज, डच व इंग्रजी रूपें आपण मोठ्या हौसेनें जमवितों. त्या यादींत हें रूप अवश्य घालावें. पोर्तुगिजांच्या ‘सेवाजी’पेक्षां तें मूळाच्या किती तरी जवळ आहे.

सभेनंतरचा वृत्तांत थोडक्यांत सांगतों. ‘मिन् पाओ’च्या त्याच अंकांत चांग यांनीं तोक्यो सोडून निघालेल्या दोघां हिंदी मित्रांस उद्देशून निरोपाचा लेखही छापला. त्यांचीं नांवें चिनी अक्षरांतून ‘पो-लो-हान्’ आणि ‘पाओ-शि’ अशीं येतात. दुसरें बहुधा ‘बोस’ असावें. त्याच १९०७ सालीं चिनी, हिंदी व कांहीं जपानी समाजवादी यांनीं मिळून आशियांतील परतंत्र राष्ट्रांचा एक स्नेहसंघ स्थापिला, आणि त्याची घटना चांग यांनींच लिहिली. ओकुमांच्या वर्गांतील मोठीं माणसें त्यांत नव्हतीं. पुढच्या वर्षीं एप्रिलमध्यें ‘मिन् पाओ’च्या २० व्या अंकांत हिंदुस्थानविषयक अनेक टिपणें आलीं, त्यांपैकीं एकाचा मथळा ‘हिंदी लोकांच्या दृष्टीनें जपान’ असा आहे. १९०८ च्या ऑक्टोबरांत मांचू सरकारच्या आग्रहावरून जपानी सरकारनें तें पत्र बंद केलें. पत्र गेल्यावर शास्त्रीबुवांनीं १९०९ च्या वसंत ऋतूंत काय करावें? तर मिश्र आडनांवाच्या एका हिंदी गृहस्थास गांठून तोक्योंत संस्कृतचा वर्ग काढला. पुढें चिनी वाङ्मयांत नांवाजलेले चौ त्सो-जेन् हे त्या वर्गास कांहीं दिवस जात. शिकणारे मोजकेच होते आणि विषय अवघड, असें त्यांनीं लिहून ठेविलें आहे. संस्कृतच्या शाळामास्तरांस यांत कांहींच अपूर्व वाटणार नाहीं.

ज्यांस मूळ पाहावयाचें आहे त्यांच्यासाठीं सांगतों : ‘मिन् पाओ’चे सर्व अंक पेकिंग येथें १९५७ सालीं छायाचित्रपद्धतीनें पुन्हां छापले गेले आहेत, आणि हा लेख चांग यांच्या ‘ताइ-येन् वेन्-लू’ या लेखसंग्रहांतही आहे. परंतु दुसरी बाजू, म्हणजे खुद्द यजमान मंडळींची, अद्याप कागदांत यावयाची आहे. १९०५ ते १९१० या काळांत मुंबई, पुणें, बडोदें, नागपूर व वऱ्हाड येथून धंदेशिक्षणासाठीं जपानास गेलेल्यांच्या घरीं पत्रें, निमंत्रणपत्रिका, वर्गणीच्या याद्या, समूहचित्रें असण्याचा संभव आहे. अशा कागदांवर मराठी मजकुराच्या कडेला चिनी-जपानी अक्षरें आढळल्यास ‘परकी चिटोरीं’ म्हणून तीं वेगळीं काढूं नयेत. चित्र असल्यास पाठीमागील लिहिणें व छायाचित्रकाराचा शिक्का यांची नक्कल करून ठेवावी. पत्राचें पाकीट फेंकूं नये, कारण तिथि बहुधा तिकिटावरील ठशावरच सांपडते. आणि तीन अक्षरांची ती ‘शी-पो-छी’ कोठें दिसली तर तो कागद प्रथम मंडळाच्या दप्तरीं आणून दाखवावा.